जुन्या चंद्रीचा सत्कार

एका जंगलात एक डबकं होतं, बाळांनो, आणि त्या डबक्यात चंद्री राहायची. चंद्री म्हणजे शेवाळ. तुमच्या न्हाणीघरात पाय घसरतो ते नव्हे. तिच्या घराण्यात सगळे एकेकटे राहतात. अख्खा जीव एका पेशीचा, आकार चंद्रकोरीसारखा, रंग हिरवागार. डोकं नाही, पोट नाही, तरी तिचं छान चाललं होतं. लव्हाळ्याला टेकून दिवसभर ऊन खायचं, एवढंच काम.

एके सकाळी चंद्री मधोमध दुभंगली. त्यांच्यात हे असंच होतं. डावी अर्धी एकीकडे झाली, उजवी दुसरीकडे. दोघींनी आपापलं उरलेलं अर्धं अंग वाढवलं आणि एका चंद्रीच्या दोन झाल्या.

"तू कोण गं?" डावीने विचारलं.

"मी चंद्री."

"चंद्री मी. तू आज झालीस. ही उन्हाची जागा माझी. तू जा खाली गाळात."

उजवीला वाईट वाटलं. कालचं ऊन तिलाही आठवत होतं. "अगं, जागा साऱ्या डबक्याला पुरेल एवढी आहे," ती म्हणाली.

"प्रश्न जागेचा नाही. तत्त्वाचा आहे."

तत्त्व निघाल्यावर खेकडेअण्णांकडे जावं लागलं. अण्णा डबक्याचे पंच. ते म्हणाले, "जुनी कोण ते ठरेपर्यंत दोघींनी दगडाच्या सावलीत थांबायचं."

थांबल्या. अण्णा रोज आडवे चालत येत, दोघींना निरखत, "प्रकरण गुंतागुंतीचं आहे" म्हणत आणि आडवेच परत जात. दोघी फिकट पडू लागल्या. डावी निदान बोलून बोलून तरतरीत राहायची. उजवीला मात्र घोर लागला. निकाल लागेल, पण तो ऐकायला आपण उरू का?

"अण्णा," ती एके दिवशी म्हणाली, "मी नवी. हीच जुनी. मी जाऊ का?"

"एवढ्यात?" अण्णा हिरमुसले. "मला आत्ता कुठे विषय कळायला लागला होता."

उजवी हळूहळू सरकत पलीकडच्या काठाला गेली. तिथे ऊन होतं आणि विचारणारं कोणी नव्हतं. तिचा रंग परत आला. मग तीही दुभंगली. त्या दोघींपैकी जुनी कोण, हे विचारायचं दोघींनाही सुचलं नाही. बघता बघता तो काठ हिरवा झाला.

इकडे डावी जिंकली. डबक्याची मूळ रहिवासी म्हणून उन्हाच्या त्याच जागेवर तिचा जाहीर सत्कार झाला. बेडकांची भाषणं लांबली. शेवटी अण्णांनी कमळाचं एक भलंमोठं पान ओढत आणलं आणि शाल म्हणून तिच्या अंगावर पांघरलं.

"ऊन लागत नाही हो," डावी आतून म्हणाली.

"शाल लगेच काढू नये," अण्णा म्हणाले. "लोकांना वाईट वाटतं."

पान कुजायला बराच काळ लागला. त्याच्याखाली तेव्हा कोणी नव्हतं.

तात्पर्य : बाळांनो, आपला हक्क कधीही सोडू नये. सोडणाऱ्याला नुसतं ऊन मिळतं. शाल कोणी घालत नाही.