कुंट्यांचा लाल गोळा

हरिदास कुंट्यांची पुण्याला बदली झाली आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी आनंदाच्या भरात पानिपतला जाऊन नणंदा-जावांसाठी ब्लँकेटं आणली. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये निम्मं आयुष्य गेलेलं. आता त्यांना इथे एक हिवाळाही नको होता. भांडीकुंडी बांधून झाली, आणि नेमकी तेव्हाच ऑफिसात प्रणिता उगवली.

प्रणिता नोएडाच्या एका कंपनीतली. तिनं ऑफिसच्या नेटवर्कवर एक सॉफ्टवेअर सोडलं. ते आपणहून एकेका कॉम्प्युटरचं दार ठोठावत हिंडायचं, कोण कुणाला कसली सेवा देतं, कुणावाचून कुणाचं अडतं ते हुडकायचं आणि त्याचा नकाशा काढायचं. ज्याच्यावाचून फार अडतं, त्याचा गोळा मोठा.

मल्होत्रा साहेबांसमोर नकाशा उघडला. पगाराची सेवा बोराएवढी, फायलींची लिंबाएवढी आणि मधोमध कलिंगडाएवढा लालभडक गोळा!

"ये कौन है?" साहेब दचकले.

"कुंटे सर का पीसी. बिल्डिंग का हर कॉम्प्युटर दिनभर इसी से कुछ पूछता है, सर."

काय विचारतो, ते कुंट्यांना पक्कं ठाऊक होतं. कॅन्टीनमध्ये ताजा चहा उतरला की सगळ्यांच्या पडद्यावर कपाचं चित्र यावं, म्हणून त्यांनीच हौसेनं आपल्या पीसीवर ती सोय केली होती. अख्खं ऑफिस त्यांच्या पीसीला सारखं एकच विचारत होतं, चहा झाला का! पण हे साहेबांना सांगायचं कोणत्या तोंडानं? सरकारी पीसीवरून चहाची दवंडी म्हटल्यावर मेमोच हातात पडायचा.

"कुंटेजी, आप तो छुपे रुस्तम निकले!" साहेब गहिवरले. "आपको कैसे छोड़ दें? तबादला कैन्सल!"

घरी भानुमतीबाईंनी कपाळाला हात लावला. "कुणी सांगितले होते नसते उद्योग? बंद करा तो मेला गोळा!"

दुसऱ्या दिवशी कुंट्यांनी ती सोय गुपचूप बंद केली, आणि आगीतून फुफाट्यात पडले. उत्तर मिळेना म्हणून सगळे कॉम्प्युटर दर सेकंदाला विचारत सुटले. गोळा फुगून नकाशाबाहेर जाऊ लागला, प्रणिताच्या लॅपटॉपवर भोंगा वाजला. चहाची वेळ टळलेली माणसं कॉरिडॉरमध्ये सैरभैर फिरू लागली. काय बंद पडलंय ते प्रत्येकाला माहीत, पण साहेबांपुढे बोलतो कोण?

"देखा?" साहेब ओरडले. "एक मशीन बंद, तो पूरा दफ्तर ठप! कुंटेजी, चालू कीजिए!"

कुंट्यांनी निमूटपणे बटण दाबलं. पडद्यांवर कप झळकले आणि कॉरिडॉर क्षणात रिकामा झाला. पुणं संपलं, हे त्यांनी मनाशी कबूल केलं. बायकोला काय सांगायचं या विचारानं त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात प्रणिता म्हणाली, "सर, इतनी जरूरी सर्विस दिल्ली में अकेली रखना ठीक नहीं. यहां भूकंप का खतरा है. बैकअप दूसरे शहर में चाहिए."

साहेब विचारात पडले. "पुणे में अपना ऑफिस है. लेकिन संभालेगा कौन?"

सगळ्यांच्या माना कुंट्यांकडे वळल्या.

"कुंटेजी, तकलीफ होगी," साहेब अजिजीनं म्हणाले, "पर देश के लिए जाना पड़ेगा. कल ही!"

कुंटे घरी आले ते जवळजवळ धावतच. चहाचा कप पुढे ठेवून भानुमतीबाईंनी सगळी हकीकत दोनदा ऐकली, तरी त्यांचा विश्वास बसेना. "खरंच? पण पुण्यात तुम्हाला काम काय?"

"दिल्लीत भूकंप झाला, तर दिल्लीचा चहा झाला की नाही ते पुण्यातून कळवायचं."

"जळ्ळं मेलं काम!" त्या डोळे पुसत हसल्या. "आधी समोरचा कप उचला. मघापासून ठेवलाय, निवला तरी तुम्हाला दिसेना!"