खंडूतात्यांची डबल बेल

माणसानं सायकलवर बसायचं असतं, सायकलीनं माणसावर नाही, एवढं कळायला मला साठ वर्षं लागली. सहा वर्षांपूर्वी भर जंगलात मी पदराची चुंबळ केली, नातीची गिअरची सायकल डोक्यावर घेतली आणि तशीच करवंदीच्या जाळीत अडकले. पण हा शहाणपणा सांगायचा, तर आधी खंडूतात्या सांगायला हवेत.

तात्यांचं घर आमच्या हिर्डोशीत, माझ्यापासून तिसरं. एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली, कंडक्टरकी संपली नाही. पंगत बसली की हे बोटानं माणसं मोजणार, आकडा जुळला की म्हणणार, "बराबर हाय. डबल बेल!" मगच वाढपी हलायचे. एकदा कुणाच्या दहाव्याला ओढ्यावर जमलेली माणसं मोजून हे सवयीनं म्हणाले, "येक कमी हाय." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी मेलेल्याच्या थोरल्यालाच हसू फुटलं.

या मोजण्याला कारण होतं, आणि ते गावाला पाठ होतं. नोकरीत असताना तात्यांनी एकदा स्वतःच्या बायकोलाच घाटात विसरून ठेवलं. गाडी थांबली, शेवंता पाणी प्यायला उतरली आणि तात्यांनी न बघता घंटीची दोरी दोनदा ओढली. शेवंता चालत घरी आली ती दिवेलागणीला. भांडली नाही. ताट वाढताना एवढंच म्हणाली, "माजं तिकीट तर पार घरापत्तोर फाडलं व्हतं की वो!" तेव्हापासून तात्या मोजतात. मी सायकल डोक्यावर घेतली, तेव्हा शेवंताला जाऊन तीन वर्षं झाली होती.

गावातल्या पोरांनी वरच्या माळापासून खाली ओढ्यापर्यंत जंगलातून सायकलींची वाट काढली होती. रविवारी पुण्याची माणसं यायची. तात्या आपली काळी सायकल घेऊन सगळ्यांच्या पुढं. वाटेत झाड पडलेलं असलं तर आधी आपण धडकावं, असं त्यांचं मत. सुरुवातीला वाट किती अवघड ते सांगणारी पाटी होती, 'मध्यम'. मला वाटलं, चहात साखर बेताची असते तसलं काही असेल. माहेरी नसरापुरात मी भावाची सायकल पळवायची, ते सपाट रस्त्यावर. तेवढ्या भांडवलावर मी काष्टा कसला आणि नातीची, ईशाची, सायकल मागून घेतली. ती स्वतः भाड्याच्या सायकलवर.

"आजी, ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा. आणि पुढचा एकटा कधीच नाही," ईशा म्हणाली.

"तू शिकव मला," मी म्हटलं, आणि ऐकलं नाही.

तात्यांनी बारा माणसं मोजली, डबल बेल दिली. मी शेवटची. खरं सांगते, पहिली तीन वळणं मी झकास घेतली. मुळांवरून सायकल धडधडायची, दात वाजायचे, पण वारा कानात शिरला की साठीतली बाई सोळाची होते. अक्कलही तेवढीच उरते. पुढं बघितलं तर वाट नुसती वळसे घेत चाललेली. मनात म्हटलं, पुण्याच्या लोकांना वेळ फार. याच रानातून चाळीस वर्षं मी सरपणाची मोळी आणली. मोळीची वाट सरळ खाली जाते. हे वळसे घेईपर्यंत मी ओढ्यावर पाय सोडून बसलेली असेन.

मोळीच्या वाटेला वळले. वीस पावलांवर उतार असा तुटला की बायका तिथं मुळं धरून उतरतात. सायकलीला कुठले हात? मग ती चुंबळ. हँडल जाळीत गुंतलं, पेडल माझ्या अंबाड्यात. पुढं जावं तर अंबाडा मागं राहतो.

खाली ओढ्यावर तात्यांनी मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. अकराच. पुण्याचा एक जण म्हणाला, "काका, आजी कंटाळून घरी गेल्या असतील."

"गाडी हलनार न्हाई," तात्या म्हणाले, आणि सायकल ढकलत चढणीला लागले.

हे मला ईशानं नंतर सांगितलं. मला ऐकू आली ती तात्यांच्या सायकलची घंटी. एकदा वाजायची, मग थांबायची. पुन्हा एकदा. आणि मी? चोरासारखी गप्प! मोळीवाली बाई आपल्याच रानात अडकली, हे कुठल्या तोंडानं सांगू?

घंटी अगदी जवळ आली, मग तात्यांचा आवाज.

"वयनी, म्या हसनार न्हाई. पर ओ द्या."

माझा सगळा ताठा उतरला. "ओ," मी म्हटलं.

त्यांनी काटे बाजूला केले, सायकल तोलून धरली, एकेक केस पेडलातून सोडवला. खरंच हसले नाहीत. मग धोंड्यावर बसले, टोपीनं तोंड पुसलं, माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "बारा." इतका मोकळा श्वास मी कुणाला टाकताना पाहिलं नव्हतं. माझा धरून.

ओढ्यावर ईशा गळ्यात पडली, मग सगळे पोट धरून हसले, मीही हसले. तात्यांनी डबल बेल दिली. घराकडं येताना मी त्यांना म्हटलं, "तात्या, जाल तिथं मोजत असता. घरी तरी बोटांना सुट्टी देता का?"

तात्या सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "घरी काय मोजायचं, वयनी? येकच भरतं. म्हनून तर भाईर मोजतो."