परबकाकांची तालीम

आमच्या मुलुंडच्या सोसायटीखाली जयंतीभाईंचं किराणा दुकान आहे. आमच्या समोर नव्याने राहायला आलेले परबकाका मला पहिल्यांदा दिसले ते तिथे, जयंतीभाईंना जयंतीभाईंची भूमिका शिकवताना.

काका रिकामी पिशवी घेऊन काउंटरसमोर उभे होते. "मी नंदू आणि तुम्ही जयंतीभाई," असं त्यांनी बजावलं. "अरे परबभाई, मैं जयंतीभाई ही हूँ," जयंतीभाई म्हणाले. "तीच भूमिका सगळ्यात अवघड," काका म्हणाले आणि त्यांनी अर्धा किलो साखर मागितली. जयंतीभाईंनी साखर दिली आणि सवयीने विचारलं, "और क्या दूँ?" काकांनी पिशवी खाली ठेवली.

"चुकलात. परत एकदा घेवया."

मागे आम्ही चार गिऱ्हाईकं ताटकळत होतो. आमची पर्वा कोणाला!

नंदू ही काकांची मुलगी, चाळिशीला आलेली. तिला ऑटिझम आहे. ठरलेली वस्तू ती बरोबर आणते, पण 'आणखी काय?' या प्रश्नाचं उत्तर कुठे संपवायचं हे तिला कळत नाही. मग ती कानांवर हात दाबून तिथेच डोलत राहते आणि मागची माणसं च्यक च्यक करतात. च्यक च्यक करणाऱ्या अख्ख्या मुलुंडला शिकवणं काही शक्य नव्हतं, म्हणून काकांनी दुकानदारापासून सुरुवात केली होती.

काका मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते आणि कामगारांच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. रंगमंचावर स्वतः कधी आले नाहीत, विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवली. पुढे गिरणी गेली, नाटकं गेली, बायको गेली. प्रॉम्प्टिंग तेवढं राहिलं. आता आमची इमारत हा त्यांचा रंगमंच आणि आम्ही त्यांचे नट, सगळे एकजात ठोकळे. नंदूला कोणी अंगाला हात लावलेला खपत नाही, म्हणून इस्त्रीवाल्याने कपडे तिच्या हातात न देता खुर्चीवर ठेवायचे, हे त्याच्याकडून घटवून घेतलं. वॉचमनला तिच्यासमोर शिट्टी न वाजवता नुसता हात वर करायला शिकवलं.

मी समोरच्या दारात राहते, त्यामुळे माझी भूमिका मोठी. वाक्य मात्र एकच. बेल वाजली की दार उघडायचं आणि म्हणायचं, "ये नंदू, बस." पहिल्याच दिवशी मी वर "अगं बाई, किती वाळलीस, जेवलीस का?" असं जोडलं. जिन्यातून काकांचा आवाज आला, "वहिनी, पदरचं घालू नका." मला संताप आला. गप्प बसण्याची रीत आमच्या माहेरी नाही आणि सासरी तर नाहीच. पण पुढच्या खेपेला मी नुसतं एक वाक्य म्हटलं, तर नंदू आत आली, पंख्याखाली बसली आणि तिने माझे सगळे मटार सोलून दिले. कोणाबरोबर तरी काही न बोलता बसता येतं, हे सुख मला तिच्यामुळे कळलं. आता तर मीच तिची वाट पाहते.

सगळेच काही शिकले नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की असल्या मुलीला लिफ्टमध्ये एकटीला सोडू नये. काकांनी त्यांनाही तालमीला बोलावलं. गाढवापुढे वाचली गीता! बाई अजून काकांशी बोलत नाहीत आणि नंदू जिन्यानेच येते-जाते.

मध्यंतरी काकांच्या छातीत दुखलं आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. घरी आले ते नवा प्रवेश घेऊनच. सकाळी आपण उठलो नाही तर नंदूने काय करायचं, त्याचा. असलं अभद्र बोलू नका, मी म्हटलं.

"वहिनी, न बोलून टळणार आहे का?" काका म्हणाले. "आणि तालमीशिवाय तिला जमत नाही."

तालीम सुरू झाली. काका कॉटवर डोळे मिटून पडायचे. नंदू हाक मारायची. ते ओ द्यायचे नाहीत. मग ती माझी बेल वाजवून म्हणायची, "काकू, बाबा उठत नाहीत." मी माझं वाक्य म्हणायचं, तिला चहा द्यायचा आणि डॉक्टरांना फोन केल्याचं नाटक करायचं. त्यानंतर आम्ही दोघी समोर काकांकडे गेलो की ते उठून चुका सांगायचे. बहुतेक माझ्याच. नंदूचं पहिल्या दिवसापासून चोख. पुढे तर तीच सकाळी त्यांना म्हणायला लागली, "परत एकदा घेवया." तिला आवडतंय म्हणून काका खूश.

माझी जीभ काही राहिली नाही. मी म्हटलं, "आवडणारच. शेवटी तुम्ही उठता ना."

दोन दिवस तालीम झाली नाही. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून ते म्हणाले की आज कितीही वेळ झाला तरी मी उठणार नाही.

नंदू आली, वाक्य बोलली. मी माझं बोलले. चहा झाला, फोन झाला, मटारही सोलून संपले. एरवी आम्ही समोर जायचो आणि काका उठायचे, ती वेळ टळून गेली. नंदूने दाराकडे पाहिलं.

"बाबा उठले?"

मला वाक्य नव्हतं. तिने पुन्हा विचारलं आणि ती डोलायला लागली. मी तशीच समोर गेले. काका हात छातीवर ठेवून पडले होते, डोळे घट्ट मिटलेले.

"काका, बाबा उठले का म्हणून ती विचारतेय. मी काय सांगू? इथलं वाक्य द्या."

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

"ता माका पण सुचूक नाय, वहिनी."

नंदू माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "परत एकदा घेवया," ती म्हणाली.

"नको गो बाय," काका म्हणाले. तालमीला त्यांनी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते उठून बसले, पाय जवळ घेतले आणि तिला कॉटवर जागा करून दिली.