बाळाबाईंची बोट आणि गोठ्यातली तोतया

विजयसिंह सरनोबत स्वतःची ओळख उभं राहून करून देत. बसून ती मावत नसे. "पश्चिम महाराष्ट्रातला एकमेव वैज्ञानिक, स्वयंभू आणि पूर्णवेळ गुप्तहेर" इथून सुरुवात व्हायची. नजर गरुडाची, कान सशाचे, आणि नाक कुणाचं हे अजून ठरायचं होतं. पोलीस खातं आपल्याला घाबरतं, म्हणूनच ते कधी बोलावत नाही, असंही ते सांगत. आजवर त्यांनी त्रेपन्न प्रकरणं हाताळली होती. 'हाताळली' हा शब्द त्यांनी फार जपून निवडला होता.

त्यांची मदतनीस दीप्ती कांबळे ही ओळख दिवसातून दोनदा ऐके. बारा वर्षं तिनं एका कुरिअरच्या ऑफिसात काउंटर सांभाळला होता आणि ते बंद पडल्यावर ती इथं आली होती. तिथं हरवलेलं पार्सल ती दोन फोनांत शोधून काढायची. इथं तेवढ्याच कामाला तपास म्हणतात आणि आठवडा लावतात, एवढाच काय तो फरक तिला दिसला होता. ऑफिस शाहूपुरीत, पिठाच्या गिरणीच्या वर. टेबलावर कायम पिठाचा थर असल्यामुळे ठसे घ्यायला वेगळी पावडर लागत नसे. ते ठसे दर वेळी विजयसिंहांचेच निघत.

शुक्रवारी सकाळी कोडोलीहून मोना चौगुले आली. तिशीतली, गावातल्या मेडिकल दुकानात कामाला. आली तीच डोळे पुसत.

"आमच्यात चोरी व्हायला लागलीया," ती म्हणाली, "आन आत्याबाई माझ्यावर संशय धरून हाईत."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, बाळाबाई. वय त्रेसष्ट. दोघींसाठी मोनानं मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीची चार दिवसांची सफर ठरवली होती. गोव्यापर्यंत जायचं, समुद्रात राहायचं, परत यायचं. बोट रविवारी आणि घरातून निघायचं उद्या सकाळी.

"त्यांनी समुद्र बघितलेला न्हाय वं. चाळीस वर्षांत तीनदा गगनबावड्यापतूर गेल्यात. घाटाच्या तोंडाला उभं ऱ्हायचं, खाली कोकण हाय म्हणायचं आन मागं फिरायचं. सांजला म्हशीच्या धारंला घरात पायजेत की."

दीप्तीनं पेन खाली ठेवलं. समुद्राच्या वाटेवर तीनदा निघून म्हशीसाठी तीनदा मागं फिरलेली बाई तिला एकदम जवळची वाटली.

चोरीचा प्रकार असा होता. बाळाबाईंची बॅग आठ दिवस आधीच भरून मोनाच्या खाटेखाली ठेवली होती. सोमवारी तिच्यातली जुनी हिरवी नऊवारी गेली. मंगळवारी हिरव्या बांगड्या गेल्या. बुधवारी पायातल्या सवयीच्या चपला, आणि काल डोक्याला लावायच्या तेलाची बाटली. नवी साडी, शाल, पैसे सगळं जिथल्या तिथं होतं. बाळाबाईंनी सांगून टाकलं होतं, सुनेला मला न्यायचं नसंल तर तिनं तोंडावर सांगावं, असं चोरून कशाला. आज रात्री जेवायच्या आत साडी सापडली नाही तर आपण जाणार नाही.

"तुम्ही बॅगेत काय भरलं त्याची नोंद आहे?" दीप्तीनं विचारलं.

मोनानं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. बोटीवर जाऊन आलेल्या चौघांना विचारून तिनं तो स्वतः लिहिला होता. आदल्या दिवशीच मुंबई गाठायची, रस्त्यात गाडी बंद पडली तर बोट कुणासाठी थांबत नाही. मोठी बॅग बंदरावरच काढून घेतात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, आधार कार्ड, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत. किटली नि इस्त्री न्यायची नाही, काढून घेतात. बोट लागायची गोळी आधी खायची, उलटी झाल्यावर नव्हे. चपला नव्या नकोत. समुद्रात फोन लागत नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं.

दीप्तीला वाटलं, आपल्या कुरिअरच्या मालकाला एवढी अक्कल असती तर ऑफिस चालू राहिलं असतं.

विजयसिंहांनी मात्र तो कागद भिंगाखाली धरला, उलटा केला, उजेडात धरला आणि वासही घेतला.

"आदल्या दिवशी मुंबई," ते पुटपुटले. "मधली एक रात्र बेहिशेबी. बॅग हातात नाही, म्हणजे पुरावा हातात नाही. फोन लागत नाही, म्हणजे आवाज ओळखायचा प्रश्नच मिटला. कांबळे, हा सल्ल्याचा कागद नव्हे. हा कट आहे."

"सर, ही प्रवासाच्या तयारीची यादी आहे," दीप्ती म्हणाली.

"तसंच वाटावं अशी तर त्यांची इच्छा आहे."

'त्यांची' म्हणजे कुणाची, हे अजून ठरायचं होतं.

दीप्तीच्या स्कूटरवरून दोघं कोडोलीला पोचेपर्यंत विजयसिंहांनी पहिला सिद्धांत पूर्ण केला होता. आंतरराष्ट्रीय टोळी. नऊवारीच्या काठात हिरे शिवून बोटीनं बाहेर पाठवायचे. बोट गोव्यापर्यंतच जाते, हे दीप्तीनं सांगितलं. त्यावर त्यांनी टोळी आंतरराज्य केली.

चौगुल्यांचं घर पक्कं, दोन मजली. दारात बाळाबाईंचे यजमान केरबा चौगुले उभे होते. दूध संस्थेचे माजी चेअरमन, भरघोस मिश्या, कडक इस्त्री. पंचवीस वर्षं त्यांनी दुग्धविकासावर भाषणं दिली होती आणि तालुक्यात त्यांच्याइतकं म्हशीविषयी कुणी बोललं नव्हतं. म्हशीखाली मात्र ते कधी बसले नव्हते. ते काम घरातलं होतं, आणि घरातलं म्हणजे बाळाबाईंचं.

"या पावणं," केरबा म्हणाले. "उगा गवगवा नको. साडी काय, घुशीनं नेली आसंल."

"घूस बांगड्या घालत नाही," विजयसिंह म्हणाले, आणि या वाक्यावर स्वतःच इतके खूश झाले की ते वहीत लिहायला लावलं.

बाळाबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. त्यांना त्याच साडीचं एवढं का, असं दीप्तीनं विचारलं.

"मऊ हाय, बाई. धार काढताना रोज तीच नेसत हुते. म्हटलं बोटीत रातचं आंगावर सवयीचं कायतरी आसावं. नवं टोचतंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सूनबाई वंगाळ न्हाय. पर बॅग तिच्या खाटंखाली. मी कुणाचं नाव घिऊ?"

"तुम्ही गेल्यावर धार कोण काढणार?"

बाळाबाई केरबांकडं बघून म्हणाल्या, "त्ये म्हणत्यात वेवस्था केलीया. वेवस्था म्हंजे काय, त्यांनी भाषण करायचं आन म्हशीनं दूध द्यायचं. ती माझ्याबिगर कुणाला पान्हा सोडत न्हाय. मी न्हाय दिसले की पाचच्या ठोक्याला आख्खी गल्ली डोक्यावर घेती."

केरबांनी मिशीवरून हात फिरवला आणि संस्थेत बैठक आहे म्हणून निघून गेले. माजी चेअरमनला कसली बैठक, असा प्रश्न दीप्तीच्या मनात आला. पण विजयसिंहांनी तिला मागच्या अंगणात मोजमाप घ्यायला धाडलं. तिथं गोठ्याच्या वाटेवर बाळाबाईंच्या चपलेचा एक ठसा होता. विजयसिंहांनी तो रांगत तपासला. टाच चपलेच्या चार बोटं बाहेर आली होती.

"मोठ्या पायाची व्यक्ती, लहान चपला. कांबळे, कुणीतरी बाळाबाई बनतंय."

आणि साक्षीदारही मिळाला. शेजारचा आकाराम कुंपणावरून सगळं बघतच होता.

"परवा दुपारी तीनला बाळाक्का गोठ्यात बसलेल्या," तो म्हणाला. "हिरवी साडी, डोक्यावर पदर. म्या हाक मारली तर त्वांड फिरिवलं. म्हटलं रुसल्या आसतील."

"परवा तीनला मी मळ्यात हुते," ओसरीवरून बाळाबाईंचा आवाज आला. त्यांच्या हातातला लसूण खाली पडला.

विजयसिंहांना धन्य वाटलं. खरीखुरी तोतया. एवढं मोठं काही त्यांच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं. मागचं मोठं प्रकरण म्हणजे हरवलेलं हेल्मेट, आणि ते त्यांच्याच डोक्यावर होतं.

"सर," दीप्ती म्हणाली, "तोतयाला गोठ्यात काय काम?"

"सराव. बाळाबाईंचं बसणं, उठणं, पदर घेणं. बोटीवर आधार कार्ड दाखवायचं असतं. आधारवरच्या फोटोशी तसं कुणाचंच तोंड जुळत नाही, त्यामुळे कुणीही कुणीही होऊ शकतं. आता सांगा, बाळाबाईंच्या वयाची, बाळाबाईंच्या अंगाची आणि मोनाला बोटीवर न्यावीशी वाटणारी बाई कोण?"

दीप्तीला पुढचं वाक्य दिसलं आणि ते येऊ नये असं मनापासून वाटलं. ते आलंच.

"मोनाची आई."

पावणेपाचला विजयसिंहांनी सगळ्यांना पुढच्या सोप्यात बसवलं. केरबा बैठकीतून आले नव्हते, पण त्यांच्यावाचून चालेल, असं विजयसिंहांनीच ठरवलं. आकाराम न बोलावता आला. विजयसिंह उभे राहिले, म्हणजे सुरुवात ओळखीपासून झाली. गरुड झाला, ससा झाला. मग यादी, एक रात्र, चपला, टाच असं करत ते गडहिंग्लजला पोचले, कारण मोनाचं माहेर तिथलं.

"सासूला घाबरवून घरी ठेवायचं आणि तिच्या नावावर स्वतःच्या आईला समुद्र दाखवायचा. जी मदत मागायला आली, तीच गुन्हेगार."

मोना जागेवरून उठली. मग म्हणाली, "माझी आई दोन वर्षांपूर्वी वारली. म्हणून तर ह्यांना न्यायचं ठरिवलं." आणि तोंडात पदर धरून रडायला लागली.

दीप्तीला विजयसिंहांचा इतका राग आला की हातातली वही त्यांच्या अंगावर फेकावी वाटली. विजयसिंह मात्र डगमगले नाहीत. एखादी मावशी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

बाळाबाई सुनेकडं बघत होत्या. त्यांचं तोंड पडलं होतं. विहीण वारली हे त्यांना माहीत होतं, पण सुनेनं आपल्याला कुणाच्या जागी धरलंय, हे आज कळलं. त्या उठून मोनाजवळ जायला निघाल्या आणि मध्येच थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"म्हस का वरडंना?" त्या म्हणाल्या.

"तो प्रश्न या तपासात येत नाही," विजयसिंह म्हणाले.

"म्हस का वरडंना म्हंते मी." बाळाबाई तशाच अनवाणी मागच्या दारानं निघाल्या. त्यांच्यामागं मोना, दीप्ती, आकाराम, आणि भाषण अर्धं राहिल्यामुळे नाइलाजानं विजयसिंह.

गोठ्यात म्हस शांत उभी होती, डोळे अर्धे मिटून आंबोण खात होती. तिच्याखाली हिरवी नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक दांडगी बाई बसली होती. मनगटात बांगड्या चढल्या नव्हत्या म्हणून त्या सुतळीनं बांधल्या होत्या आणि हात हलला की किणकिणत होत्या. चपलेतून टाच बाहेर आली होती. डोक्याला तेल चोपडलेलं होतं. दुधाची धार कासंडीत चर्र चर्र पडत होती.

"पकडा तोतयाला!" विजयसिंह ओरडले.

"गप ऱ्हावा," बाळाबाई म्हणाल्या. "म्हस बुजंल."

म्हणून सगळे गप्प उभे राहिले. त्या बाईनं मान वळवली, आणि पदराखालून दूध संस्थेच्या माजी चेअरमनच्या मिश्या बाहेर आल्या.

केरबा उठले नाहीत. धार मध्येच सोडता येत नाही, एवढं ते शिकले होते.

"चार दिस दुपारी जवळ निस्तं बसलो," ते म्हशीकडंच बघत म्हणाले. "तुझं लुगडं, तुझ्या बांगड्यांचा आवाज, तुझ्या तेलाचा वास. आज पयल्यांदा हात लावू दिला तिनं. तुला सांगायची लाज वाटली. गावात कळलं तर काय म्हणतील, चेअरमन लुगडं नेसतोय." मग म्हणाले, "तीनदा घाटावरनं मागं आलीस. तिन्ही येळंला मी बैठकीत हुतो."

आकाराम एव्हाना हळूच मागं सरकत होता. गावात कळायला आता अर्धा तास पुरेसा होता.

"म्हणजे तोतया होताच," विजयसिंह दीप्तीच्या कानात म्हणाले. "माझा मूळ सिद्धांत तंतोतंत खरा. प्रकरण चोपन्न. लिहा."

दीप्तीनं लिहिलं, 'हाताळलं.' मग तिनं त्यांना दंडाला धरून मोनासमोर नेलं आणि चुकलो म्हणायला लावलं. ते त्यांनी उभ्यानंच म्हटलं, पण ओळख न करून देता.

बाळाबाईंनी मोनाचा हात घट्ट धरला. "मी तुझ्यावर आळ घितला, पोरी. लई वाईट केलं." मोनानं मान हलवली. दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि दीप्तीच्याही डोळ्यांत पाणी आलं.

केरबा कासंडी घेऊन उठले. बाळाबाईंनी ती हातात घेतली, आत बघितलं, नेहमीच्या निम्मंच होतं. तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"उद्या मुकाट्यानं जा," केरबा म्हणाले. "चार दिसाचाच तर प्रश्न हाय. निभावतो. तू आलीस की सुटलो."

"चार दिसाचा कशाला?" बाळाबाई म्हणाल्या. "तिला तुमची सवय लागलीया. आता मोडायची कशाला? मी आल्यावर बी सांजची धार तुमीच काढायची."

केरबांनी मिशीवरून हात फिरवला. सुतळीतल्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"आन लुगडं?" त्यांनी विचारलं.

"ते ऱ्हाऊ द्या तुमास्नी," बाळाबाई म्हणाल्या, आणि सुनेला घेऊन बॅग भरायला घरात गेल्या.