फोनला वास न्हाय

‘आमची गुंजी’ हा आमच्या गावकऱ्यांचा फोनवरील समूह. त्यात मला सामील करून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी, स्नानसंध्या आटोपून, मी मोठ्या प्रयासाने ‘सुप्रभात’ एवढा एकच शब्द लिहिला. तत्क्षणी भरमाण्णाचे उत्तर आले : ‘खरं तुमीच काय गुरुजी? शाळंच्या दारात झाड कसलं व्हतं?’

त्या शाळेत मी चौतीस वर्षे संस्कृत शिकवले होते. आणि प्रश्नकर्ता समोरच्याच घराच्या कट्ट्यावर, माझ्याकडे पाहत बसला होता. मी हात वर केला. त्याने मान हलवली आणि बोटाने फोनकडे खूण केली. निरुपायाने मी लिहिले, ‘बकुळ.’

‘बरोबर. सुप्रभात गुरुजी.’

भरमाण्णाचे आयुष्य टपाल वाटण्यात गेले. ‘रजिस्टर पत्र कवा दुसऱ्याच्या हातात दिलो न्हाय,’ असे तो अभिमानाने सांगे. समूहात सव्वाशे माणसे. कोणी बेळगावात, कोणी निपाणीत, कोणी पुण्यात. प्रत्येकासाठी त्याच्याजवळ एकेक प्रश्न राखून ठेवलेला असे. मंडळी त्याची थट्टा करीत.

‘भरमाण्णा, तुझी म्हस तरी तुला वळखत्या न्हवं?’ निपाणीला दिलेली सुमनआक्का विचारी.

‘म्हस वासावरनं वळखत्या, आक्का. फोनला वास न्हाय.’

‘फोनला वास न्हाय’ हे त्याचे सूत्रच होते. दर अमावास्येला तो स्वतःचा पासवर्ड बदली. त्या वेळी दार लावून घेई, मांजरालाही बाहेर काढी. पासवर्ड कोठेही लिहून ठेवायचा नाही असा नियम असल्यामुळे पौर्णिमेपर्यंत तो स्वतःच विसरून जाई. मग रेल्वेने बेळगाव गाठून खडेबाजारातील दुकानदारापुढे उभा राही. एकदा त्या दुकानदाराने विचारले, ‘आजोबा, हे खातं तुमचंच कशावरून?’ भरमाण्णाला इतका आनंद झाला की पुढल्या खेपेस त्याने त्याच्यासाठी पिशवीभर फणसाचे गरे नेले.

मला त्याच्या या वेडाचे कधी हसू आले नाही. नाव आणि गोत्र उच्चारल्यावाचून आपण पितरांनाही पाणी देत नाही. मग जिवंतांशी बोलताना त्याने ओळख मागितली, तर त्यात त्याचे काय चुकले?

त्याचा धाकटा भाऊ परशराम त्याच्याजवळच राहत असे. भरमाण्णाची पत्नी फार पूर्वी निवर्तली; परशरामाने लग्नच केले नाही. एकाच घरात, एक चुलीपाशी आणि एक कट्ट्यावर बसून, ते दोघे रोज समूहावर बोलत.

‘सुप्रभात,’ परशराम लिही.

‘आईनं बदडलं की तू कुठं लपायचास?’ भरमाण्णाचा प्रश्न ठरलेला.

‘तुझ्या टपालाच्या थैलीत.’ दुसऱ्या दिवशी, ‘मारुतीच्या शेपटीखाली.’ तिसऱ्या दिवशी आणखी काही. खरे उत्तर दोघांनाच ठाऊक होते. ते परशरामाने कधी लिहिले नाही. भरमाण्णा रोज गंभीरपणे लिही, ‘बरोबर. सुप्रभात परशा.’

गेल्या वर्षी परशराम दोन दिवसांच्या आजारात गेला. मलप्रभेच्या काठी मी मंत्र सांगितले आणि भरमाण्णाने तिलांजली दिली. भावाचे नाव उच्चारताना त्याचा स्वर जराही हलला नाही. हात मात्र ओंजळ मोकळी झाल्यावरही बराच वेळ तसेच राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी परशरामाच्या नावाने, त्याच्याच छायाचित्रासह, समूहावर शब्द उमटला : ‘सुप्रभात.’

आता भरमाण्णा विचारणार, या प्रतीक्षेत मी होतो. त्याने लिहिले, ‘सुप्रभात परशा. च्या घेतलास?’

‘हो.’

असे आठ दिवस चालले. भाऊच भावाच्या फोनवरून स्वतःला उत्तरे देत असावा, अशी सर्वांनी समजूत करून घेतली आणि करुणेपोटी कोणी काही बोलले नाही. शेवटी रस्ता ओलांडून मी त्याच्याकडे गेलो. त्याने कपाट उघडले. आत टॉवेलात गुंडाळलेला परशरामाचा फोन बंद पडून होता.

‘म्हणजे हे खाते चोराच्या हाती गेले आहे, भरमाण्णा. समूहाची व्यवस्था आता मंडळींनी माझ्याकडे दिली आहे. मी ते काढून टाकतो.’

‘ठावं हाय मला,’ तो म्हणाला. ‘ऱ्हाऊ द्या गुरुजी. मी इचारलो न्हाय तवर त्यो हाय.’

मला ते काढवले नाही. हा दोष माझा.

नवव्या दिवशी दुपारी सुमनआक्काने समूहावर लिहिले, ‘भरमाण्णा, परशाच्या नावावरनं मला सहा आकडे मागाय लागलास काय रं? माझ्या फोनवर आल्यात. देऊ?’

ते आकडे दिले असते, तर तिचेही खाते गेले असते, आणि तिच्यामागून आणखी कितीजणांचे! मी घाईने एकेक अक्षर शोधू लागलो. तेवढ्यात भरमाण्णाचा प्रश्न उमटला.

‘आईनं बदडलं की तू कुठं लपायचास?’

खिडकीतून तो मला दिसत होता. फोन त्याने दोन्ही हातांनी, ओंजळीत धरावा तसा धरला होता. उत्तर आले : ‘घराच्या मागे.’

इतके सरळ उत्तर परशरामाने जन्मात दिले नसते.

‘आक्का, आकडे देऊ नको. ह्यो परशा न्हवं,’ भरमाण्णाने लिहिले. आणि त्याखाली, ‘गुरुजी, काढा आता.’

मी काढले.

सायंकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. मग कानाजवळ येऊन त्याने ते खरे उत्तर मला सांगितले.

‘ह्ये ठावं असणारी दोगंच व्हतो. आता मी एकलाच ऱ्हायलो. तुमी ध्यानात ठेवा. उद्या मी गेल्यावर माझ्या नावानं कोण सुप्रभात घालाय लागलं, तर इचारायला कोणतरी पायजे की.’

लहान मुलाकडून पाठ म्हणवून घ्यावा तसे ते त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. ते येथे लिहिणे अर्थातच शक्य नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समूहावर त्याचे ‘सुप्रभात’ आले. मी समोर पाहिले. तो कट्ट्यावर एकटाच बसला होता. आयुष्यात प्रथमच मी त्याच्या भाषेत लिहिले, ‘खरं तूच काय? आईनं बदडलं की कुठं लपायचास?’

त्याने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

‘तुमच्या उपरण्यात, गुरुजी.’

मी लिहिले, ‘बरोबर.’