न्यारयोगानचा कोरडा नकाशा

नदी ही जात्याच बेशिस्त असते; तिला वळण लावतो तो नकाशा. सैबेरियातल्या न्यारयोगान नदीला हे वळण फेब्रुवारीत लावण्यात आलं. तिथल्या दलदलीत उन्हाळ्यात गाडी जात नाही (पाणी असतं), म्हणून मोजणी पथक कडाक्याची थंडी बघून आलं. पथकप्रमुख वालेरी स्तेपानोविच यांनी बर्फावर पाय आपटून पाहिला आणि 'टणक सपाट मैदान' अशी नोंद केली. नकाशा देखणा झाला. निळी शाई तर लागलीच नाही, त्याबद्दल त्यांना पदक मिळालं.

प्रोकोपी तार्लिन या खांती जमातीच्या म्हाताऱ्या कोळ्याने सांगून पाहिलं होतं.

"वालेरी स्तेपानोविच, तुम्ही नदीत उभे आहात."

"मग बुडत का नाही?"

या शास्त्रीय युक्तिवादानंतर म्हातारा बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघून गेला.

मे महिन्यात बर्फ वितळला. जिल्हा कचेरीने नकाशा बघून दवाखान्याची मोटरबोट काढून घेतली (मैदानात बोट म्हणजे उधळपट्टीच) आणि नवीकोरी रुग्णवाहिका दिली. ती पलीकडच्या काठावर उभी राहिली. इकडे प्रोकोपीच्या सुनेचे, अग्राफेनाचे, दिवस भरत आले होते. मुलगा रेनडियरांमागे लांब गेलेला. म्हातारा धास्तावला आणि होडी वल्हवत कचेरीत गेला.

"बोट परत द्या हो. पहिलटकरीण आहे, अडली तर मी काय करू?"

"तक्रार रास्त आहे, आजोबा," कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "समिती येऊन खात्री करील."

"कधी?"

"फेब्रुवारीत. आत्ता कशी येणार? सगळं पाणीच पाणी."

"अहो, मी तेच सांगतोय."

"मग कळतंय ना तुम्हाला."

कळा सुरू झाल्या तेव्हा प्रोकोपीने सुनेला होडीत निजवलं. नात नदीच्या मधोमध जन्मली. अग्राफेनाचं रक्त थांबेना. "बाबा, अजून किती लांब?" एवढंच तिने दोनदा विचारलं. काठ आला तेव्हा ती गेलेली होती. गाडी मात्र वेळेवर हजर होती, हे मान्य केलं पाहिजे. प्रोकोपी पोरीला उराशी धरून तिथेच बसून रडला. तिच्या दाखल्यावर जन्मस्थळ 'मैदान' असं आहे.

फेब्रुवारीत समिती आली. सर्व सदस्यांनी आळीपाळीने पाय आपटले. तक्रार निराधार ठरली.

वाचकांना कचेरीचा संताप आला असेल, आणि तो योग्यच आहे. फक्त आपण घर घेतलं तेव्हाचा नकाशा एकदा काढून बघावा. बुजवलेला नाला त्यात नव्हता, आणि तो कुठे होता हे आपल्याला ठाऊक होतं. भाव बरा पडत होता, म्हणून आपणही पाय आपटून पाहिला होता.