एका घराचा एक पासवर्ड

मला वाटलं होतं, इतक्या लांब शिकून आलेली मी दुकानात पाऊल ठेवीन आणि आमचा पाट्यांचा धंदा नव्या युगात जाईल. प्रत्यक्षात दुकानात एकच कॉम्प्युटर होता, आणि पाट्यांची अक्षरं जुळवणारी आत्या पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडली होती.

मी ठरवलं, आत्यानं घरून काम करायचं. अक्षरांचा प्रोग्राम इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या, दूरच्या कॉम्प्युटरवर चढवला, म्हणजे तो घरूनही उघडेल.

"बाबा, ब्राउझर म्हणजे नुसती खिडकी. प्रोग्राम चालतो तिकडे. आपण बटण दाबलं की ते तिकडे पोचतं आणि तिकडच्या पडद्याचं चित्र आपल्याला दिसतं." (हे मी फळ्यावर बाण काढून समजावलं. कोणी विचारलं नव्हतं.) "फक्त तुम्हाला आणि आत्याला दोन वेगळे पासवर्ड हवेत. नाहीतर दोघं एकाच पडद्यावर याल."

बाबा दुखावले. "सख्ख्या बहिणीपासून मी काय लपवू?"

फोनवरून आत्या कडाडली, "दादा, ही तिकडे घरं फोडायला शिकली का रे?"

तत्त्वाचा प्रश्न होता! तरी मी हरले. पासवर्ड एकच राहिला.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. बाबा दुकानात त्यांची पाटी टाइप करत होते. त्याच वेळी घरी आत्या बेकरीची पाटी टाइप करायला बसली.

"अगं, कर्सर आपोआप पळतोय!" बाबा ओरडले.

"नेट हळू आहे. तुम्ही हात लावू नका," असं म्हणून मी ठामपणे प्रिंट दाबलं.

सहा फुटी पाटी बाहेर येत असतानाच आत्याचा फोन आला. "माझ्या पावात दात कुठून आले गं?"

पाटी न्यायला आलेले डॉक्टर प्रिंटरसमोरच उभे होते. त्यांनी सावकाश, मोठ्यानं वाचलं, "येथे दात रोज सकाळी ताजे, गरमागरम काढले जातात."

तेवढा मोठा कागद दुकानात दुसरा नव्हता. उद्घाटन पाटीशिवाय झालं. "तुमच्या भरवशावर होतो," एवढंच डॉक्टर बाबांना म्हणाले. बाबा रात्री जेवले नाहीत.

माझा मात्र संताप संताप झाला. "चूक सिस्टिमची नाहीच! एकत्र कुटुंबपद्धतीची आहे!"

"प्रिंट कुटुंबानं दाबलं का?" बाबांनी विचारलं.

सकाळी उठल्याबरोबर मी निर्णय घेतला आणि कोणाचंही न ऐकता अमलात आणला. बाबांना वेगळा पासवर्ड, आत्याला वेगळा, मला वेगळा. प्रिंट काढायची परवानगी तिघांपैकी दोघांनाच.

(माझी मी स्वतःच काढून घेतली. आत्यानं सांगायच्या आत.)